लमाणांचा तांडा : इंधन गवताचे, घर चालते

मोटारहोम घेऊन निघालेला प्रवासी आधी डिझेल-पाण्याची सोय पाहतो. जिंतूर परिसरातील बंजारा तांड्यांच्या पूर्वजांचे इंधन गवत होते.

१७व्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले : पाठीवर धान्य वा मीठ, सोबत बायकामुले, स्थिर घर नाही.

शहाजहानच्या दख्खन मोहिमेत रसद वाहणाऱ्या भंगी-जंगी नाईकांना असफखानाने छपरावरील गवत व रांजणातील पाणी घेण्याची मुभा दिली, अशी परंपरा सांगते. कारण चाऱ्यावाचून तांडा थांबे आणि तांडा थांबला की फौज उपाशी राही.

१९००च्या सुमारास मनमाड–हैदराबाद लोहमार्ग परभणीमार्गे सुरू झाला. माल वाघिणींत गेला. तांडे स्थिरावले. आज त्यांतील कित्येक कुटुंबे संसार बांधून ऊसतोडीला निघतात.