कांडणाचें गाणें

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें इसवी सन ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा जो संस्कृत ज्ञानकोश सिद्ध केला, त्यांत महाराष्ट्रांतील स्त्रियांविषयीं एक लहानसा उल्लेख आहे. महाराष्ट्रांत बायका कांडतांना ओवी गातात, एवढेंच राजा सांगतो व पुढें जातो. आमच्या वाङ्मयेतिहासकारांनीं ह्या उल्लेखाचा उपयोग ओवीछंदाचें प्राचीनत्व सिद्ध करण्याकडे केला आहे. तें योग्यच आहे. कारण १२९० त ज्ञानदेवांनीं ज्या छंदांत गीतेचें निरूपण केलें, तो छंद त्यापूर्वीं दीडशें वर्षें तरी उखळापाशीं रुळलेला होता, असें त्यावरून ठरतें. परंतु माझें लक्ष दुसऱ्याच शब्दाकडे वेधलें जातें. राजा 'दळतांना' म्हणत नाहीं, 'कांडतांना' म्हणतो.

'जात्यावरची ओवी' हा शब्दप्रयोग आपल्या कानांत इतका बसला आहे कीं, ओवी म्हटली म्हणजे जातें डोळ्यांपुढें येतें. हा ज्वारी खाणाऱ्या देशाचा संस्कार होय. माझें गांव कोंढा, भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यांतलें. आणि आमचा मुलूख धानाचा. (गांवाच्या नांवाचा व भाताच्या कोंड्याचा संबंध जोडण्याचा मोह मला अनेकदां झाला आहे, परंतु व्युत्पत्तीच्या मोहानें भलेभले पंडित फसले आहेत, म्हणून मी तो आवरतों.) धानाच्या मुलुखांत घरची पहाट जात्याइतकीच, किंबहुना अधिक, उखळ-मुसळाची असे.

कांडणाची रीत आजच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिली असेल, म्हणून ती सांगणें भाग आहे. एका उखळापाशीं दोघी बायका समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीनें मुसळ टाकीत. एकीचें मुसळ वर जाई तेव्हां दुसरीचें खालीं येई. ह्यांत निमिषाची चूक झाली तर मुसळ मुसळावर आदळावयाचें. गाणें येथें करमणुकीसाठीं नसे; तें हातांना वेळ सांगे. ओवीच्या साडेतीन चरणांवर दोघींचा श्वास एका मापांत येई, आणि त्या दोघी बहुधा सासू व सून, किंवा जावा-जावा असत. ज्या घरांत सुनेनें सासूपुढें मान वर करून बोलूं नये असा दंडक, त्याच घरांत पहाटे तासभर सुनेला सासूच्या आवाजांत आवाज मिसळून माहेराविषयीं गातां येई. बोलण्यांत जें उद्धट ठरलें असतें, तें ओवींत खपून जाई. भाऊ न्यावयास आला नाहीं, नवऱ्यानें हात उगारला, लेक दूर दिली, हें सारें ज्यांच्याविरुद्ध बोलावयाचें त्यांच्याच साक्षीनें, त्यांच्याच मुसळाच्या ठेक्यावर बोललें जाई. हिंदु कुटुंबाचा इतिहास लिहिणारांनीं कायद्याचे ग्रंथ पुष्कळ चाळले, परंतु ही पहाटेची सनद फारशी कोणीं वाचली नाहीं. साने गुरुजींनीं १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन' ह्या संग्रहांत ओव्या वेंचल्या. पुढें हेमा राईरकर व गी पॉयटवाँ ह्या दोघांनीं खेडोपाडीं हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील मोठा भाग पुण्याकडील खेड्यांतला, म्हणजे जात्याचा आहे.

संगीत मनोवृत्ति घडवितें हा विचार नवा नाहीं. भरतमुनींनीं मध्यम-पंचम शृंगार व हास्य ह्यांस, गांधार-निषाद करुणास, अशी सुरांची वांटणी केली. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांतून रडव्या लीडियन चाली घालवून डोरियन व फ्रिजियन ह्या दोहोंनाच आश्रय दिला. दोघांचाही समज असा कीं, वृत्ति सुरांतच भरलेली असते. मला त्या दोघांपेक्षां रूसो अधिक जवळचा वाटतो. त्यानें १७६८ च्या आपल्या संगीतकोशांत स्विस गुराख्यांच्या एका चालीची हकीकत दिली आहे. ती परदेशीं चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांच्या कानीं पडली कीं ते रडूं लागत, पलटण सोडून पळत. म्हणून ती वाजविण्यास देहान्त शिक्षेची बंदी होती. परंतु, रूसो म्हणतो, त्या चालींत तसें कांहींच नाहीं. परक्या माणसावर तिचा परिणाम शून्य. तेथें संगीत संगीत म्हणून काम करीत नाहीं, स्मरणाची खूण म्हणून करतें.

हें मला पटतें, कारण मी स्वतः त्या पलटणींतून उलट्या दिशेनें पळालेला मनुष्य आहें. शिक्षणासाठीं नागपुरास आल्यावर 'आमचें संगीत' म्हणजे काय हें मीं ग्रंथांवरून व आकाशवाणीवरून शिकलों. किर्लोस्करांचें 'सौभद्र' १८८२ चें, पलुस्करांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें १९०१ त, अब्दुल करीम खां, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर: ही वंशावळ मला मुखोद्गत झाली. ह्या वंशावळीचा मला आजही अभिमान आहे. पलुस्करांच्या खटपटीनेंच गाणें घरंदाज मुलींच्या हातीं आलें आणि मध्यम वर्गाच्या माजघरांत बाजाची पेटी शिरली. (त्याच पेटीला आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत दार बंद ठेवलें होतें.) परंतु मित्रमंडळींत ह्या गप्पा रंगत तेव्हां कोंढ्याच्या गाण्याचा उल्लेख मी कधीं केला नाहीं. दंडार, खडी गंमत हे शब्द माझ्या तोंडून निघत नसत. दिवाळीनंतर झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते, रात्रभर नाटकें होतात, त्यासाठीं लेकीजांवई, सोयरेधायरे घरीं येतात, आणि त्या पाहुणचारांत लग्नेंही जुळतात. माझ्याच एका आतेबहिणीचें लग्न असें जुळलें. पण मंडईला घरीं या, असें पत्र आलें कीं मी परीक्षेची सबब सांगत असें.

गाण्यानें माणसाची ओळख बदलते ह्याचा मोठा दाखला मात्र ह्याच मुलखानें दाखविला आहे. १९५४ सालीं डॉ. आंबेडकर भंडाऱ्याहून लोकसभेची पोटनिवडणूक लढले व पराभूत झाले. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास धर्मांतर झालें; आणि मग विदर्भाच्या वस्तीवस्तींतले पाळणे बदलले. राम-कृष्णांच्या जागीं भीमराव, रमाई व बुद्ध आले. चाली पुष्कळदां जुन्याच. वामनदादा कर्डकांचीं गाणीं ज्या घरांत अक्षर येत नव्हतें तेथेंही पाठ झालीं. तान्ह्या मुलाला 'तूं कोण' ह्याचें उत्तर शाळेच्या दाखल्याआधीं पाळण्यांतच मिळूं लागलें. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनें दुसऱ्या वाटेनें असेंच काम केलें; एरवीं एका ओसरीवर न बसणारीं माणसें सामुदायिक प्रार्थनेस एका ओळींत बसलीं. १९४२ त सरकारनें भजनें गाणाऱ्या ह्या माणसास तुरुंगांत टाकलें, तें उगाच नव्हे.

आतां कांडणाकडे परत येतों. धान भरडण्याची गिरणी आली आणि मुसळ कोपऱ्यांत उभें राहिलें. ह्यावर हळहळणारे लेख मीं वाचले आहेत. ते लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत. मींही एकदां व्याख्यानांत असा सूर लावला. श्रोत्यांत माझी आई होती. घरीं आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "गानं गेलं तं गेलं, हात तं वाचले." तिच्या तळव्यांवरचे घट्टे मीं लहानपणीं पाहिले होते. त्या व्याख्यानाचें टिपण मीं पुन्हां वापरलें नाहीं.

परंतु गेल्या वर्षीं माझ्या मुलीनें आजीला सहज विचारलें, तुम्ही काय गात होतां? आई आठवूं लागली. एक शब्द येईना. "बसून कसं येईन?" म्हणाली. तिला मुसळ पाहिजे होतें. आमच्या नागपूरच्या घरांत मुसळ कोठलें! शेवटीं ती ओट्यापाशीं उभी राहिली, हातांत लाटणें घेतलें, आणि मुलीला दुसरें देऊन समोर उभें केलें. पहिल्या दोन-तीन ठोक्यांना लाटणीं एकमेकांवर आदळलीं. मग ठेका जमला, आणि आईचा आवाज निघाला. चार ओव्या आल्या. तिसरींत भाऊ न्यावयास येत नाहीं अशी तक्रार होती, आणि त्या भावाचें नांव घातलेलें होतें. तें माझ्या मामाचें नांव. आईचें व मामाचें कांहीं बिनसलें होतें, हें मला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतें.