जपानमधील वृद्धपरिचर्या : कुटुंबधर्म आणि व्यवसाय

वृद्धांची परिचर्या हा कुटुंबधर्म की शिकून मिळवावयाचे कौशल्य, हा प्रश्न जपानमध्ये केवळ नीतिविचाराचा राहिला नाही. तेथील परिचारकवर्गाची जडणघडण आणि त्याचा तुटवडा या दोहोंचे मूळ या प्रश्नाच्या अपुऱ्या उत्तरात सापडते.

१९५६ साली नागानो प्रांतात अडचणीतील कुटुंबांकडे मदतनीस स्त्रिया पाठविण्याची योजना सुरू झाली. १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्याने अशा सेवेला राष्ट्रीय अधिष्ठान दिले. तथापि ही सेवा मुख्यतः निर्धनांपुरती होती आणि घरकामाचा अनुभव हीच तिची पात्रता समजली जाई. इतर घरांत हा भार सुनेवरच असे. सावाको आरियोशी यांनी १९७२ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्याची सेवा करणाऱ्या नोकरदार सुनेवर लिहिलेल्या कादंबरीच्या लाखो प्रती खपल्या, हे या संदर्भात लक्षणीय होय.

१९७० मध्ये पासष्टी ओलांडलेल्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या ७ टक्के होते. १९९४ पर्यंत ते दुप्पट झाले. त्या दरम्यान, १९८७ साली, कायद्याने ‘काइगो फुकुशिशी’ ही परिचारकाची राष्ट्रीय पदवी निर्माण केली. परंतु या कायद्याने राखून ठेवले ते केवळ नाव; काम नव्हे. पदवीवाचूनही परिचर्येची नोकरी करता येत असे. साहजिकच पदवीला प्रतिष्ठा लाभली, तरी तिच्या प्रमाणात मोल लाभले नाही.

२००० साली परिचर्या-विमा अमलात आला. चाळिशीपुढील सर्वांकडून वर्गणी घेऊन सेवा हा हक्क ठरविण्यात आला. परिचारकांची संख्या त्या वर्षीच्या सुमारे साडेपाच लाखांवरून २०१९ पर्यंत एकवीस लाखांवर गेली. मात्र सेवेचे दर शासनच ठरवीत असल्यामुळे वेतनाची मर्यादाही त्या दरांनीच आखली. २००९ मध्ये वेतनवाढीसाठी स्वतंत्र अनुदान द्यावे लागले. २०१२ मध्ये ते सेवादरांत समाविष्ट झाले. २००८ पासून इंडोनेशिया, फिलिपीन्स व व्हिएतनाम येथून क्रमाने उमेदवार आणले गेले. पण दीर्घकाळ राहण्यासाठी त्यांना जपानी भाषेतील राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते.

तात्पर्य, अभ्यासक्रम व परीक्षा यांनी कुशल वर्ग घडविता येतो; टिकविता येत नाही. जे काम सून विनामूल्य करीत आली, त्याचे मोल ठरविताना समाजाने जुनाच हिशेब चालविला, तर पदवी हाती असूनही परिचारक त्या कामापासून दूर जातो.