चूक कोणाची, भरपाई कोणाला?

आज आपण दोन कायद्यांचा इतिहास एकत्र पाहणार आहोत. कारखान्यात बोट तुटलं तर कामगाराला काय मिळतं, हा एक. संसार तुटला तर बाईला काय मिळतं, हा दुसरा. वकील मंडळी हे विषय वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात. आपण तत्त्वज्ञानाच्या वाटेने आलेली माणसं, आपल्याला दोन्हीकडे एकच प्रश्न उभा दिसतो : चूक कोणाची?

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल, कारण आपले न्यायाधीश तिथलीच तत्त्वं घेऊन आले. 1837 मध्ये एका खाटकाच्या नोकराचा दावा गाजला. गाडीत माल जास्त भरला होता, गाडी मोडली, नोकराच्या मांडीचं हाड मोडलं. ज्युरीने त्याला शंभर पौंड दिले, न्यायालयाने ते काढून घेतले. का? तर धोका मालकाइतकाच नोकरालाही दिसत होता, मग तो गाडीवर चढलाच कशाला! पोटासाठी गाडीवर चढणं म्हणजे धोक्याला संमती, असा अर्थ लावला गेला. ‘संमती’ हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

पुढे विचार फिरला. जर्मनीत 1884, ब्रिटनमध्ये 1897, आणि आपल्याकडे 1923 सालचा कामगार भरपाई कायदा, जो 1 जुलै 1924 पासून लागू झाला. गिरणीत शेकडो माग रोज चालतात, तिथे कधीतरी कोणाचा तरी हात पट्ट्यात जाणारच. पट्टा झिजतो तो खर्च मालक हिशेबात धरतो ना? मग माणूस झिजतो तोही धरा. म्हणून कायद्याने मालकाची चूक सिद्ध करायला सांगणंच सोडून दिलं. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली, एवढं पुरे. दारू पिऊन आला, मुद्दाम नियम मोडला किंवा सुरक्षेची जाळी काढून टाकली, तर मालकाला सुटायला जागा आहे, पण मृत्यू झाला तर तीही नाही.

या कायद्याच्या शेवटी एक कोष्टक होतं. मूळच्या कोष्टकात उजवा हात कोपराच्या वर गेला तर कमाईची 70 टक्के हानी, डावा गेला तर 60. अंगठा 25, तर्जनी 10, बाकीचं कुठलंही बोट 5. नंतर आकडे बदलले, अंगठा 30 वर गेला. वाचताना अंगावर काटा येतो. कांट म्हणतो, वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, तरी आमचं मत त्या क्रूर दिसणाऱ्या कोष्टकाच्या बाजूने आहे. त्याच्यामुळे कामगाराला दयेची याचना करावी लागत नाही. बोट दाखवायचं, पगार सांगायचा, हिशेब मागायचा. आणखी एक शहाणपण पाहा. कामगार मेला तर मालकाला परस्पर विधवेच्या हातात पैसे टेकवून मोकळं होता येत नाही. थोडी आगाऊ रक्कम सोडली तर सगळे पैसे सरकारी अधिकाऱ्यांकडे जमा करावे लागतात, वाटप ते करतात. अडलेल्या बाईची कशावरही सही घेता येते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असावं.

आता घराकडे वळू. हिंदू विवाहापुरतंच बोलतो आहोत. मुंबई प्रांतात 1947 साली घटस्फोटाचा कायदा आला, देशभर 1955 साली. दोन्ही दोषावर उभे. 1955 च्या कायद्यात तर छळ सिद्ध केला तरी घटस्फोट नव्हता, फक्त न्यायालयीन विभक्तता होती! 1976 च्या दुरुस्तीने छळ हे कारण झालं आणि परस्पर संमतीचा घटस्फोटही आला. 2023 मध्ये घटनापीठाने सांगितलं की, लग्न पुन्हा सांधता येणार नाही इतकं मोडलं असेल, तर सर्वोच्च न्यायालय स्वतःच्या विशेष अधिकारात ते संपवू शकतं. म्हणजे इथेही दोष मागे पडत चालला.

पण इथे कोष्टक कुठे आहे? कामगाराच्या बाबतीत दोष गेला आणि पैसे आले. बाईच्या बाबतीत दोष गेला, सुटका आली, पैशाचं मात्र न्यायाधीशांच्या विवेकावर राहिलं. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर ते त्याचंच. दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, हे बंधन सर्वोच्च न्यायालयाने सर्वत्र घातलं ते 2020 मध्ये. आणि ती ‘संमती’? लवकर सुटावं म्हणून पोटगीवर पाणी सोडून सही करणारी बाई आणि खाटकाच्या गाडीवर चढलेला तो नोकर, दोघांची संमती एकाच जातीची. गोव्यात निदान पोर्तुगीज काळच्या नागरी संहितेमुळे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची धरतात आणि निम्मा वाटा तिचा असतो. तिथे तिला मागायचं नसतं, मोजून घ्यायचं असतं.

मुलांच्या ताब्याबद्दल थोडक्यात. तिथे मुलाचं हित सर्वांत वर, हे कायद्याने मान्य केलं. पण नैसर्गिक पालक आधी बाप, ‘त्याच्यानंतर’ आई, असंच 1956 च्या कायद्यात लिहिलं आहे. ‘नंतर’ म्हणजे मेल्यानंतरच नव्हे, हे लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात ठरायला 1999 उजाडलं.

हे दोन्ही इतिहास जिथे एकमेकांना भिडतात ती जागा आपल्या मराठवाड्यातच आहे. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या हिशेबात एक ‘कोयता’. उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. ठेकेदारामार्फत नेमलेल्या माणसाची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारं कलम 1923 पासून आहे, पण भरपाई मोजतात ती महिन्याच्या मजुरीवर. फडात तिचा हात तुटला तर अर्ध्या कोयत्याची मजुरी किती धरायची? आणि तिने नवरा सोडला, तर फिटलेल्या उचलीत तिचा घाम किती होता, हे कुठल्या कागदावर दाखवायचं? भरपाईच्या अधिकाऱ्यांपुढे जा नाहीतर कुटुंब न्यायालयात, तिला उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि वहीत तिचं नावच नसतं.

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.