जालन्याची हवा नेमकी कुठली?

१९८१ च्या मे महिन्यात दोन गोष्टी घडल्या. १ तारखेला जालना जिल्हा झाला आणि १६ तारखेला देशभर हवा प्रदूषण कायदा लागू झाला. पुढे याच शहरात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल वाढल्या. जालना म्हणजे सळई, अशी ओळखच झाली. धूर सगळ्यांना दिसत होता, पण किती आहे हे सांगायला यंत्र लागतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४ मध्ये हवेची देशव्यापी मोजणी सुरू केली. पद्धत साधी आहे. पंप हवा ओढतो, धूळ फिल्टर कागदावर बसते. कागदाचं वजन आधी आणि नंतर करायचं. वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेने भागलं की आकडा मिळतो. हे आठवड्यातून दोनदा, २४ तास. म्हणजे वर्षाचे १०४ दिवस. बाकीचे २६१ दिवस हिशेबात नाहीत.

जालन्यात अशी दोन केंद्रं झाली: एक शहरात बचत भवनापाशी, दुसरं औद्योगिक भागात एका बियाणे कंपनीच्या आवारात. २०११ च्या जनगणनेनुसार शहरात २,८५,५७७ माणसं होती. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, तेव्हा मर्यादा सतत ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत मुंबई-पुण्यासोबत जालनाही होतं. पीएम १० ची वार्षिक मर्यादा आहे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम.

यादीत नाव आलं हे बरंच झालं, त्यामुळे निधी आणि आराखडा आला. पण मी सॉफ्टवेअरवाला आहे. सरासरी दिसली की सॅम्पल कुठून घेतलं, हे मी आधी विचारतो. जाड धूळ उगमाजवळच खाली बसते. हिवाळ्याच्या रात्री गार हवा जमिनीलगत साचते आणि धूर तिच्यात अडकतो. वारा फिरला की धुराची वस्तीही बदलते. म्हणजे भट्टीमागच्या खोलीत झोपणारा कामगार आणि कुंडलिकेपलीकडच्या घरातलं मूल एकाच शहरात, पण वेगळ्या हवेत श्वास घेतात. कागदावर मात्र दोघांना एकच आकडा मिळतो.

कार्यक्रमाचं यशही पीएम १० च्या सरासरीवरच मोजलं जातं. म्हणून पुढच्या वेळी 'जालन्याची हवा सुधारली' अशी बातमी मोबाइलवर आली, तर एवढंच विचारा: कुठल्या चौकातली, आणि रात्रीची की दिवसाची?