बत्तिसाव्या वर्षी परत विचारलेला प्रश्न

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्यापासून करते.

डिग्री मिळाल्यावर काही महिन्यांनी मला कॉलेजमधून फोन आला. "नोकरी लागली का?" मी म्हटलं, "हो, लागली." पलीकडच्या मॅडम "छान" म्हणाल्या आणि फोन ठेवला. चार महिन्यांत ती नोकरी सुटली. पुढचं जवळजवळ वर्षभर मी घरी होते. पण परत फोन काही आला नाही. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये मी आजही 'प्लेस्ड' आहे!

आता बघा, मी खोटं बोलले नव्हते. उत्तर खरं होतं, पण त्या दिवसापुरतं. शिक्षणाचं पुढे काय झालं हे कळायला त्याच माणसाला वर्षानुवर्षं विचारत राहावं लागतं. अमेरिकेच्या सरकारने हे चिवट काम १९७२ मध्ये सुरू केलं. त्याचीच ही गोष्ट.

१९७२ च्या वसंतात तिथल्या हजाराहून जास्त शाळांमधली, बारावीला असलेली सुमारे १९ हजार मुलं-मुली निवडली गेली. घरची परिस्थिती कशी, पुढे काय शिकायचंय, कुठलं काम करायचंय, असे प्रश्न विचारले. मग १९७३, १९७४, १९७६, १९७९ आणि १९८६ मध्ये परत गाठलं. मोबाइल नाही, ईमेल नाही. पोस्टाने प्रश्नावली जायची. उत्तर आलं नाही तर फोन, तेही नाही जमलं तर माणूस भेटायला. या काळात कुणी गाव बदललं, कुणाचं लग्न झालं, आडनावं बदलली. तरीही १९८६ च्या फेरीसाठी त्यांच्यातून निवडलेल्या सुमारे साडेचौदा हजार जणांपैकी जवळपास १२,८०० जणांनी उत्तरं दिली. म्हणजे दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी! तेव्हा ही मंडळी साधारण बत्तीस वर्षांची होती.

यात आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. आपण कॉलेजात काय शिकलो हे सांगताना आपण सगळेच थोडं वाढवून सांगतो, थोडं विसरतो. म्हणून १९८४ मध्ये सरकारने थेट कॉलेजांकडूनच या लोकांच्या मार्कशीट मागवल्या. कुठले विषय घेतले, किती मार्क पडले, डिग्रीला किती वर्षं लागली, सगळं कागदावर.

तर हे सगळं जमवून सापडलं काय?

अमेरिकेच्या शिक्षण खात्यात क्लिफर्ड ॲडेलमन नावाचे संशोधक होते. त्यांनी ही माहिती पिंजून काढली आणि १९९१ मध्ये 'विमेन ॲट थर्टीसमथिंग' हा अहवाल लिहिला. १९७२ च्या बॅचमधल्या मुली शाळेत मुलांपेक्षा पुढे होत्या. कॉलेजातही त्यांचे मार्क जास्त होते आणि डिग्रीही त्यांनी लवकर पूर्ण केली. पण तिशीच्या आसपास चित्र उलटं झालं. बेकारी बायकांच्या वाट्याला जास्त आली, डिग्री कुठलीही असो. ३३ मुख्य व्यवसायांपैकी फक्त ७ व्यवसायांमध्ये बायकांचा पगार पुरुषांच्या बरोबरीला पोचला होता.

यात एक योगायोग बघा. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा 'टायटल नाइन' हा अमेरिकेतला कायदा २३ जून १९७२ ला आला. म्हणजे ही बॅच शाळेतून बाहेर पडत होती, अगदी त्याच सुमारास. वर्गाचं दार उघडत होतं. पण पगाराचं काय, हे कळायला चौदा वर्षं थांबावं लागलं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? ही पाहणी झाली नसती तर बत्तीस वर्षांची प्रत्येक बाई घरी बसून एकच विचार करत राहिली असती, 'माझंच काहीतरी चुकलं असेल.' आणि आजूबाजूचे म्हणाले असते, 'अभ्यासात कमी पडली असेल.' इथे मार्कशीट समोर होती. अभ्यासात कमी पडल्या, असं म्हणायची सोयच राहिली नाही. हो, विषयांनी फरक पडत होता. कॉलेजात गणिताचे जास्त पेपर घेतलेल्या बायकांना बरोबरीचा पगार मिळण्याचं प्रमाण जास्त होतं. पण सगळा हिशोब तेवढ्याने सुटत नव्हता.

पुढे ही पद्धतच पडली. १९८० ची बॅच, १९८८ मध्ये आठवीत असलेली मुलं, आणि १९९३ पासून खास पदवीधरांसाठी वेगळी पाहणी. २००८ ची बॅच तर ऐन मंदीत बाहेर पडली. त्यांना २००९, २०१२ आणि २०१८ मध्ये विचारलं गेलं. फक्त २००९ वर थांबले असते तर मंदीचाच फोटो हाती लागला असता.

आपल्याकडे काय आहे? उच्च शिक्षणात किती जण शिकतायत, किती पास झाले, याची मोजणी दरवर्षी होते. रोजगाराच्या सरकारी पाहणीत एकाच घरी जास्तीत जास्त चार वेळा जातात, मग घर बदलतं. दोन्ही कामाच्याच गोष्टी आहेत. पण आज पास झालेली मुलगी दहा वर्षांनी कुठे पोचली, हे त्यातून कळत नाही.

आणि अमेरिकेतही हे काम आता अडचणीत आहे. २०२५ मध्ये ही आकडेवारी सांभाळणाऱ्या केंद्रातले बहुतेक कर्मचारी कमी केले गेले, अनेक करार रद्द झाले. रस्ता दोन वर्षं उशिरा बांधता येतो. पण २०२५ मध्ये न विचारलेला प्रश्न २०३५ मध्ये विचारून चालत नाही. ती वर्षं गेली ती गेलीच.

मला अजूनही वाटतं, त्या मॅडमनी एकदा परत फोन करायला हवा होता. मी खरं सांगितलं असतं.

तुमच्या कॉलेजने डिग्रीनंतर तुम्हाला किती वेळा विचारलं? आणि आज विचारलं तर काय सांगाल? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!