कर्ज फिटल्याशिवाय अभिषेक नाही

न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचं सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल २५ मे १८७९ रोजी भाविकांसाठी खुलं झालं. तिथे मिस्सा होऊ लागल्या, लग्नं लागू लागली. पण वास्तूचा विधिपूर्वक अभिषेक झाला तो थेट ५ ऑक्टोबर १९१० रोजी. मधली एकतीस वर्षं अडली ती कर्जापायी. देणं शिल्लक असलेल्या चर्चचा अभिषेक करायचा नाही, असा कॅथलिकांचा दंडक होता. अभिषेक म्हणजे वास्तू कायमची देवाला वाहणं. जिच्यावर उद्या सावकार जप्ती आणू शकतो, ती देवाला कशी वाहणार?

या दंडकानेच सामान्य धर्मग्रामस्थाच्या नाण्याला मोल आलं.

आर्चबिशप जॉन ह्यूज यांनी १५ ऑगस्ट १८५८ रोजी पायाभरणी केली, तेव्हा ती जागा गावाबाहेरची होती. लोक त्या बेताला ‘ह्यूजचं वेड’ म्हणत. ह्यूज यांनी आधी श्रीमंतांना साद घातली आणि शंभरावर लोकांनी प्रत्येकी हजार डॉलर देण्याचं कबूल केलं. पण दोन वर्षांतच पैसा संपला, काम थांबलं, आणि पाठोपाठ यादवी युद्ध आलं. १८६४ मध्ये ह्यूज गेले. पुढचा भार मोठ्या प्रमाणात आयरिश स्थलांतरितांनी उचलला. त्यांत धुणीभांडी करणाऱ्या मोलकरणी होत्या, गोदीत आणि बांधकामांवर राबणारे मजूर होते. स्वतःचं घर भाड्याचं असताना या माणसांनी देवाच्या घरासाठी पैसे काढून ठेवले, हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

१८७८ च्या शरदात तर अजून खुल्या न झालेल्या कॅथीड्रलमध्येच भव्य जत्रा भरली. शहरातल्या धर्मग्रामांनी आपापली टेबलं मांडली. वस्तू विकल्या गेल्या, सोडती निघाल्या, जत्रेचं स्वतःचं दैनिकही छापलं जाई. त्यातून दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. तरीही देणं उरलंच. ते फेडण्याचं काम पुढे आर्चबिशप जॉन फार्ली यांनी तडीस नेलं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांनाही कर्जाने घेरलं होतं. बॉस्टनमध्ये १८५५ साली ड्वाइट मूडी या तरुण विक्रेत्याला श्रद्धेकडे वळवणारे संडे स्कूलचे शिक्षक एडवर्ड किंबल पुढे ठिकठिकाणच्या मंडळ्यांना कर्जमुक्त होण्यासाठी मदत करत फिरले. शेवटचा हप्ता फिटला की गहाणखत सर्वांसमक्ष जाळायचं, ही अमेरिकी चर्चची लाडकी प्रथा. पंचांपैकी कुणी काडी ओढतो, कागद थाळीत काळा पडत जातो आणि मंडळी स्तोत्र गाऊ लागते.

लंडनचं वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलही १९१० मध्येच मोकळं झालं. त्याची पायाभरणी १८९५ ची. ते उभं करणारे कार्डिनल व्हॉन १९०३ मध्ये वारले आणि त्यांची अंत्यविधीची मिस्सा याच नव्या वास्तूत झाली. कर्ज फिटल्यावर २८ जून १९१० रोजी अभिषेक झाला. त्या काळच्या या विधीत जमिनीवर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत राखेचे दोन तिरपे पट्टे ओढत. बिशप आपल्या दंडाच्या टोकाने एकात ग्रीक आणि दुसऱ्यात लॅटिन मुळाक्षरं लिहीत. मग भिंतींवरच्या बारा क्रूसांना पवित्र तेल लावलं जाई. आतल्या भिंतींवरचं मोझेकचं काम मात्र तेव्हा बरंचसं बाकी होतं. आधी देणं, मग नक्षी, हा क्रम योग्यच म्हणायला हवा.

रंगीत काचेची खिडकी देणाऱ्याचं नाव खाली कोरलं जातं. व्याजाचा हप्ता भरणाऱ्याचं नाव कुठेच नसतं, आणि तरी वास्तू देवाची झाली ती त्याच्यामुळेच. अशा जुन्या कॅथीड्रलमध्ये कधी गेलात, तर खिडक्या पाहून झाल्यावर भिंतींवरचे ते बारा क्रूसही शोधा. त्यांना तेल लागलं ते त्या बिननावाच्या माणसांनी शेवटची पै चुकती केल्यावर.