सायलेंट अनइन्स्टॉल

कार्यालयीन संगणकांवरील कालबाह्य सॉफ्टवेअर, वापरकर्त्यापुढे कोणतीही संवादचौकट न आणता, दूरस्थपणे काढून टाकण्याची पद्धत. सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबलेल्या आवृत्तीतील ज्ञात त्रुटी हल्लेखोरांना कायम खुल्या राहतात, म्हणून ही सफाई आवश्यक ठरते.

विंडोजमध्ये एमएसआय स्वरूपात बसवलेले सॉफ्टवेअर ‘एमएसआयएक्झेक’ या आज्ञेने काढता येते. तिला उत्पादनाचा संकेतांक आणि संवादचौकटी व आपोआप होणारे रीस्टार्ट रोखणारे पर्याय जोडतात. संकेतांक रजिस्ट्रीत मिळतो; ६४ बिटी विंडोजमध्ये ३२ बिटी सॉफ्टवेअरच्या नोंदी वेगळ्या शाखेत असल्याने दोन्ही शाखा तपासाव्या लागतात. विंडोजच्या ‘विन३२_प्रॉडक्ट’ या व्यवस्थापन-क्लासद्वारे शोध घेणे टाळावे; त्यामुळे एमएसआयने बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची तपासणी आणि प्रसंगी दुरुस्तीही सुरू होते. आज्ञेच्या उत्तरात ० म्हणजे यश, ३०१० म्हणजे यश पण रीस्टार्ट आवश्यक, तर १६०५ म्हणजे ते सॉफ्टवेअर तेथे बसवलेलेच नाही.

ॲडोबी फ्लॅश प्लेअर हे अशा कालबाह्य सॉफ्टवेअरचे ठळक उदाहरण. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील आशय रोखण्यात आला. मायक्रोसॉफ्टच्या अद्यतनाने विंडोजसोबत आलेला फ्लॅश काढला. स्वतंत्रपणे बसवलेल्या प्रती मात्र ॲडोबीच्या अनइन्स्टॉलरने काढाव्या लागल्या.

ही प्रक्रिया मूक असली तरी गुप्त नसावी. कर्मचाऱ्यांना पूर्वसूचना, मोजक्या संगणकांवर चाचणी आणि प्रत्येक कृतीची लॉग-नोंद ही जबाबदार व्यवस्थापनाची लक्षणे होत.